औषध कोणाच्या हाती? दम्याचा इतिहास आणि आपली मुले



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकावे, ही रीत या परिसरात रुजली. आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला या व्यासपीठावर उभे केले, म्हणजे तो बोनस, करार आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. ती वावगी नाही. आमची पंचवीसहून अधिक वर्षे गेटवर सभा घेण्यातच गेली. परंतु आज आम्ही एका रोगाचा इतिहास सांगणार आहोत. रोगाचे नाव दमा. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि आमचे शिक्षणही शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. तरीही हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात आमची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतील एका वेल्डरचा मुलगा नववीत होता. त्याला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी त्याला दोन पंप लिहून दिले होते. एक रोज घ्यावयाचा आणि एक धाप लागेल तेव्हा. बापाने एकदा आम्हांला विचारले, "साहेब, पोराला या वयात पंपाची सवय लावावी का?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "सवय लागली की सुटायची नाही. शक्य तितका लांब ठेवा." त्या कामगाराचा आमच्या शब्दावर विश्वास होता. त्याने रोजचा पंप बंद केला. राहिलेला दुसरा पंप शाळेने, मुलांच्या हातात औषध नको म्हणून, ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. जानेवारीतल्या एका सकाळी मैदानावर मुलाला धाप लागली. कपाटाची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून चहाला गेलेला. किल्ली सापडेपर्यंत मुलाचे ओठ निळे पडले होते. तो वाचला, परंतु त्यानंतर दोन वर्षे तो मैदानाकडे फिरकला नाही, आणि वर्गातही कोणाशी फारसा बोलेना.

शाळेला दोष देणे सोपे होते. पण घरी आल्यावर आम्हांला झोप लागली नाही. कारण पहिले कुलूप शाळेने लावले नव्हते, आम्ही लावले होते. त्या दिवसापासून आम्ही या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की दम्याचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न कामगार चळवळीलाही परका नाही: साधन कोणाच्या हाती, आणि ते कसे वापरावे याचे ज्ञान कोणापाशी?

रोग फार जुना आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांतला तमकश्वास म्हणजे आपण ज्याला आज दमा म्हणतो त्याच्या अगदी जवळचा. आपल्या घराघरांत अडुळशाचा काढा चालत आला तो याच परंपरेतून. धोतऱ्याचा धूर ओढण्याचाही उपाय आपल्याकडे होता. हा उपाय १८०२ साली जेम्स अँडरसन नावाच्या मद्रासच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून जनरल जेंट याने इंग्लंडात नेला, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपात दमेकऱ्यांसाठी धोतऱ्याच्या जातीच्या पानांच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. धोतरा विषारी आहे, तेव्हा हा प्रयोग कोणी घरी करू नये. परंतु त्या कुळातल्या वनस्पतींत सापडलेल्या द्रव्यांच्या वाटेनेच श्वासनलिका सैल करणारी काही आधुनिक औषधे पुढे तयार झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

युरोपातही या रोगावर ज्यांनी मोलाचे लिहिले, त्यांपैकी पुष्कळजण स्वतःच दमेकरी होते. १६९८ साली दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा जॉन फ्लॉयर हा इंग्रज वैद्य स्वतः धापा टाकीत जगला. १८६० साली असाच ग्रंथ लिहिणारा हेन्री हाइड सॉल्टर हाही दमेकरीच. त्याने कडक काळ्या कॉफीची शिफारस केली, आणि ती निव्वळ कल्पना नव्हती. कॉफीतल्या द्रव्याचा जवळचा भाऊबंद पुढे दम्यावर औषध म्हणून दिला गेला. ज्याला जळते तो चुलीचा अभ्यास करतो, असे आम्ही नेहमी म्हणतो, ते वैद्यकातही खरे ठरले.

१९०१ च्या सुमारास अॅड्रेनलिन हाती आले. त्याची सुई टोचली की काही मिनिटांत छाती मोकळी होई. पण सुई डॉक्टरच्या हातात, डॉक्टर दवाखान्यात, आणि रोग मात्र रात्री दोन वाजता उठणारा! पुढे काचेची फवारणी यंत्रे आली. रबरी फुगा दाबून औषधाचा धुरळा ओढावयाचा. ही यंत्रे नाजूक असत, पडली की फुटत, आणि एका दाबात किती औषध पोटात गेले याचा हिशेब लागत नसे. ती घरात आईच्या ताब्यात राहत. शाळेच्या दप्तरातून न्यावी अशी ती वस्तू नव्हती. म्हणजे औषध दवाखान्यातून घरात आले, पण मुलाच्या हातात अद्याप आले नव्हते.

याच काळात दमेकरी मुलांवर आणखी एक अन्याय झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दमा हा बऱ्याच अंशी मनाचा रोग आहे, असे अनेक नामांकित डॉक्टर मानीत. मूल लाडावलेले आहे, आई फार काळजी करते, म्हणून मुलाला धाप लागते, असे निदान होई. अमेरिकेत डेन्व्हर येथे दमेकरी मुलांसाठी एक संस्था होती. तिथे मरे पेश्किन या डॉक्टरांच्या मताप्रमाणे मुलांना आईबापांपासून तोडून महिनोन् महिने, कधी दोन-दोन वर्षे ठेवीत. पुष्कळ मुलांना तिथे बरे वाटे, आणि दोष आईच्या माथी पक्का होई. मग १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी घरातल्या धुळीत, गाद्या-उशांत राहणारा एक डोळ्यांना न दिसणारा किडा दम्याला कारण होतो, असे दाखवून दिले. हा किडा दमट हवेत वाढतो. डेन्व्हर उंचावर आणि कोरडे. मुलांपासून दूर गेली होती ती केवळ आई नव्हे, आईबरोबर घरची गादीही! मनाच्या ताणाने दमा बळावतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात. परंतु ताणाने बळावणे निराळे आणि मनाच्या दुबळेपणातून उपजणे निराळे. आपल्याकडे आजही "पोर नाटक करतंय" असे म्हणणारी माणसे आहेत. त्यांनी साठ वर्षांपूर्वी मागे पडलेले मत अजून उराशी धरले आहे, इतकेच म्हणता येईल.

आता १९५५ साली येऊ. या सालाशी आपल्या गावाचाही संबंध आहे.

त्या साली आपल्या पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातून पेनिसिलीन बाहेर पडू लागले. कंपनी १९५४ साली स्थापन झाली होती. सरकारी मालकीचा औषधांचा हा देशातला पहिला कारखाना, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे व युनिसेफचे साहाय्य होते. परदेशी औषधाची वाट पाहत माणूस मरावयाचा, तो आता मरणार नाही, ही भावना त्या काळच्या माणसांत किती प्रबळ होती, हे जुन्या कामगारांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी नंतरची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, महानगरपालिका १९८२ ची, आणि चाकणचा मोटारींचा पट्टा तर कालपरवाचा. या गावाच्या औद्योगिक कुंडलीत पहिल्या घरात यंत्र नाही, औषध आहे.

त्याच १९५५ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिस येथे रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेझन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने बापाला एक प्रश्न विचारला. ती दमेकरी होती आणि काचेच्या त्या फुग्याच्या यंत्राला कंटाळली होती. केसांवर मारण्याचा फवारा डब्यात भरून मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही, असा तिचा प्रश्न. बापाने तो हसण्यावारी नेला नाही. कंपनीतल्या रसायनज्ञांनी अत्तराच्या बाटलीसाठी केलेली एक झडप घेतली. एका दाबाला ठरावीक मात्राच बाहेर पडावी, अशी तिची करामत होती. आणि मार्च १९५६ मध्ये खिशात मावणारा पंप बाजारात आला. आज जगभर कोट्यवधी माणसे जो पंप वापरतात, त्याचा जन्म हा असा. एका किशोरवयीन मुलीला आपले औषध आपल्या हातात हवे होते. ज्यांना मुलांच्या हातात औषध देण्याची भीती वाटते, त्यांनी हे जन्मवृत्त ध्यानात ठेवावे.

तथापि गोष्ट इथे संपली असती, तर ती फार गोड झाली असती. पुढचे प्रकरण कडू आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे पंप १९६० च्या सुमारास झपाट्याने पसरले. पुढे नेहमीच्या मात्रेच्या पाचपट औषधाचे पंपही निघाले, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळत. १९५९ ते १९६६ या सात वर्षांत तिथल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांतील दम्याचे मृत्यू जवळजवळ आठपट झाले. १९६६ साली त्या वयाच्या मुलांच्या एकूण मृत्यूंपैकी सात टक्के एकट्या दम्याने होत होते. नवे औषध आले आणि मुले अधिक मरू लागली, हा काय प्रकार? संशोधकांनी मृत्यूंचा तपास केला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी एकच चित्र दिसले. मुलाला धाप लागे, ते पंप ओढी, दोन घटका बरे वाटे. पुन्हा धाप, पुन्हा पंप. आतली सूज वाढतच असे. आईबाप म्हणत, औषध तर घेतो आहे. डॉक्टरकडे नेईपर्यंत वेळ निघून गेलेली असे. १९६७ साली सरकारी समितीने इशारा दिला, १९६८ साली पंप चिठ्ठीशिवाय विकणे बंद झाले, आणि मृत्यूंची संख्या उतरली.

या प्रकरणावरून कोणी म्हणेल, बघा, मुलांच्या हातात औषध दिल्याचे हे फळ. आम्हांला तसे वाटत नाही. कारखान्यात नवे यंत्र आणून कामगाराला त्याचे शिक्षण न देता उभे केले आणि त्याचा हात गेला, तर यंत्र काढून टाका असे कोणी म्हणत नाही, आणि कामगार काढून टाका असे म्हणणाऱ्याशी आम्ही भांडतो. शिक्षण द्या, असे आम्ही म्हणतो. त्या इंग्रज मुलांच्या हाती साधन आले होते. त्याचा अर्थ कोणी त्यांना सांगितला नव्हता.

तो अर्थ फार अवघड नाही. दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनलिकांचे अस्तर सुजलेले असते आणि त्यात चिकट कफ साठतो; ही आग कायम धुमसत असते, धाप नसली तरी. दुसरी गोष्ट म्हणजे धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असे काही निमित्त झाले की या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि छातीतून शिट्टी वाजू लागते. स्नायू सैल करणारे औषध वेगळे आणि सूज उतरविणारे वेगळे. १९६९ साली साल्ब्युटामॉल आले. ते स्नायू सैल करते, आणि हृदयाला पूर्वीच्या औषधापेक्षा कमी त्रास देते. १९७२ साली बेक्लोमेथासोन नावाचे स्टिरॉइड पंपातून मिळू लागले. त्याआधी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांची वाढ खुंटे, तोंड सुजे. पंपातून औषध थेट फुप्फुसात जात असल्याने फारच थोडी मात्रा पुरू लागली. रोजचा पंप सूज उतरविणारा, तो बरे वाटत असतानाही घ्यावयाचा. आणि धापेचा पंप स्नायू सैल करणारा. आम्ही त्या वेल्डरला "सवय लागेल" म्हणून सोडावयास सांगितला, तो यांतला पहिला. आग विझविणारे पाणी आम्ही बंद केले आणि धूर घालविणारा पंखा ठेवला. रोजच्या पंपाची नशा लागत नाही. डोळे अधू असलेल्या माणसाला चष्म्याची लागते तेवढीच त्याची "सवय" लागते.

२०१९ साली दम्यावरील जागतिक तज्ज्ञमंडळाने याहून पुढे जाऊन सांगितले की १२ वर्षांवरील कोणाही दमेकऱ्याचा उपचार केवळ धापेच्या पंपावर चालवू नये. सूज उतरविणारे औषध त्याच्या जोडीला असलेच पाहिजे. १९६६ च्या मुलांनी शिकविलेला धडा नियमाच्या रूपाने लिहिला जावयास अर्धशतक लागले.

एका साधनाचा जन्म आमच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. जोराने फुंकर मारून श्वासाचा वेग मोजण्याचे यंत्र मार्टिन राइट यांनी तयार केले आणि १९५९ साली प्रसिद्ध केले. राइट यांनी वेल्समधील ज्या संशोधन केंद्रात काम केले होते, ते कोळशाच्या खाणीतील कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करण्यासाठी उभारलेले होते. पुढे या यंत्राची प्लास्टिकची छोटी आवृत्ती निघाली. आज दमेकरी मूल सकाळी उठून त्यात फुंकर मारते, आकडा वहीत लिहिते, आणि आकडा घसरू लागला की धाप लागण्याआधीच सावध होते. खाणकामगारांच्या छातीवर शिकलेली विद्या मुलांच्या कामी आली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९७० च्या दशकात मुंबईच्या सिप्ला कंपनीने असे पंप इथे तयार करावयास आरंभ केला आणि परदेशी किमतीचा अडसर दूर झाला. औषध देशात आहे, स्वस्त आहे, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. मग ते मुलांपर्यंत पोहोचते का?

१९९१ साली जगभरच्या मुलांतील दम्याची पाहणी करण्याची एक मोठी मोहीम सुरू झाली. आपल्या राज्यातील पुणे, मुंबई, बोरिवली आणि अकोला ही केंद्रे तीत होती. या पाहणीची एक रीत आम्हांला फार आवडली. सहा-सात वर्षांच्या मुलांविषयी आईबापांना विचारीत. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांचा कागद स्वतः भरावयास देत. तुझ्या छातीत शिट्टी वाजते का? रात्री जाग येते का? बोलता बोलता दम लागतो का? या वयाची साक्ष ग्राह्य आहे, असे शास्त्रज्ञांनी मानले. त्याच धर्तीवर पुण्यासह देशातील नऊ केंद्रांत पुन्हा पाहणी झाली. मुले आणि पालक मिळून सव्वा लाखांहून अधिक माणसे तीत होती, आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना दम्याची लक्षणे होती, त्यांपैकी ८२ टक्के लोकांना दमा आहे असे कोणी सांगितलेलेच नव्हते. ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातही सूज उतरविणारा पंप रोज घेणारे शेकडा दहापेक्षा कमी. २०१९ च्या अंदाजाप्रमाणे जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. ज्या देशात पंप बनतो आणि परदेशी जातो, त्या देशाचा हा हिशेब आहे.

कारण काय? पैसा हे एक कारण आहेच. पण आमच्या वस्तीत आम्ही पाहतो, ते मोठे कारण लाज हे आहे. डॉक्टरही पुष्कळदा "दमा" हा शब्द टाळून "अॅलर्जी", "बाळदमा", "सर्दीचा त्रास" असे म्हणतात, कारण तो शब्द ऐकताच आई रडू लागते. मुलगी असली तर लग्नाची चिंता. म्हणून पंप पाहुण्यांसमोर काढावयाचा नाही, वर्गात काढावयाचा नाही. त्याऐवजी कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यावयाचे, मृगाला हैदराबादेस जाऊन जिवंत मासळी गिळावयाची. त्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत. रांगेतल्या माणसाची थट्टा करावी असे आम्हांला वाटत नाही. तो बिचारा मुलासाठी उभा असतो. पण एक रात्र जागून रोग जाईल ही आशा, आणि रोज दोन मिनिटे देऊन रोग काबूत राहील हे ज्ञान, यांतले ज्ञान त्याच्यापर्यंत कोणी नेले नाही, हा दोष आपल्यासारख्या चार वाचणाऱ्या माणसांचा आहे.

आपल्या पट्ट्याची म्हणून काही खास अडचण आहे. भोसरीच्या फाउंड्रींची भुकटी, चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या डंपरांची धूळ, कचरा जाळल्याचा धूर, दिवाळीचे फटाके. हे सर्व दमेकरी मुलाच्या वाट्याला येते. त्याहून गंभीर गोष्ट रंगकामाची. मोटारीच्या रंगात जो कडक करणारा घटक मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी अल्प वासानेही उठतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायातून जडणाऱ्या दम्याचा समावेश पुढे झाला, तो उगाच नव्हे. आयटीआयमध्ये ट्रेड निवडणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगते काय? दमेकरी मुलगा नोकरीच्या ओढीने दमा लपवितो, गेटवरच्या तपासणीत "काही त्रास नाही" असे लिहून देतो, आणि पेंट शॉपमध्ये उभा राहतो. आम्ही अशा मुलांना सांगतो, बाबा, दमा असलेल्याला कामे पुष्कळ आहेत. असेंब्ली आहे, तपासणी विभाग आहे, टूलरूम आहे, संगणक आहे. एक-दोन खाती सोड. आपल्या शरीराचा स्वभाव ओळखून काम निवडणे यात कमीपणा नाही. आणि खरे न सांगण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी कारखान्यांची आणि आमच्या संघटनांची आहे. जोखमीचे काम मुलाने टाळावे म्हणून रंगखात्यातली हवा तशीच ठेवावी, असाही याचा अर्थ नाही. शुद्ध हवेचा पुरवठा असलेला मुखवटा हा कामगाराचा हक्क आहे.

आता आत्मविश्वासाविषयी. मराठीत "दम" हा शब्द मोठा बोलका आहे. दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धमक. हुतुतूत एका दमात पलीकडे जाऊन यावयाचे असते. भोसरीसारख्या कबड्डीच्या गावात ज्याला दम नाही तो खेळात नाही, आणि खेळात नाही तो पोरांत नाही. दमेकरी मुलाला आईबाप, मास्तर सारे बसवून ठेवतात, आणि चौदाव्या वर्षी बसवलेला मुलगा पुढे सभेतही मागच्या रांगेत बसतो. हे बसविणे अनाठायी आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना परिश्रमाने उठणारा दमा होता, आणि त्यांनी ४१ पदके मिळविली. १९९६ साली अटलांटा येथे पोहण्यात चार सुवर्णपदके घेणारी एमी व्हॅन डायकन लहानपणापासून दमेकरी. डॉक्टरांच्या सल्ल्यावरूनच ती सहाव्या वर्षी पाण्यात उतरली होती. दमा काबूत असेल, आधी अंग तापविले असेल आणि पंप जवळ असेल, तर मुलाने खेळलेच पाहिजे.

हे मुलांना कोणी शिकवावे? इथे आमच्या धंद्याचा अनुभव कामी येतो. बाहेरच्या वक्त्याचे भाषण कामगार ऐकतो. पण शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याने सांगितलेले तो पाळतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या स्मिता शाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच शाळांत करून पाहिले. टॅमवर्थ परिसरातील सहा शाळांत वरच्या वर्गातील मुलांना आधी तयार केले; त्यांनी आपल्यापेक्षा लहान मुलांना धडे दिले; त्या मुलांनी नाटुकली, गाणी रचून आणखी खालच्या वर्गापुढे सादर केली. २००१ साली या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. दमेकरी मुलांचे जगणे सुधारले आणि त्यांचे शाळा बुडणे कमी झाले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही मुलांची युनियन होती.

याला मोठा पैसा लागत नाही. पंप आणि तोंड यांच्यामध्ये एक नळकांडे लावले की औषध घशात न अडकता छातीत उतरते. हे नळकांडे विकत घ्यावयाची ऐपत नसेल तर काय, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या डॉक्टरांना पडला. त्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून कडा चिकटवून बंद केल्या, आणि ती बाटली महागड्या नळकांड्याइतकीच काम देते हे १९९९ साली सिद्ध केले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची आपल्याकडे टंचाई नाही.

तेव्हा आमची मागणी, आणि मागणीवाचून आमचे भाषण संपत नाही, ती अशी. प्रत्येक दमेकरी मुलापाशी डॉक्टरांनी मराठीत लिहिलेला एक कागद असावा: रोज काय घ्यावयाचे, धाप लागली तर काय, आणि कोणत्या क्षणी घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठावयाचा. बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंपाचा आराम टिकेना, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी मुलाशी बोलावे, केवळ बापाशी नव्हे. मुलाने पंप हलवून, श्वास सोडून, सावकाश ओढून, दहा अंक मोजेपर्यंत रोखून दाखवावा, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरावी. शाळेने पंपाचे कपाट उघडावे. पंपाची जागा मुलाच्या खिशात आहे. आणि कामगार विमा योजनेत ज्यांचे नाव आहे, त्यांनी आपल्या मुलांसाठी रोजचा पंप मागून घ्यावा. ते दान नाही, वर्गणी भरून मिळविलेला हक्क आहे.

त्या वेल्डरच्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि बापासमोर त्याला सांगितले की आमचे चुकले. माणसाने पोराची क्षमा मागावी हे त्या घराला नवीन होते. बाप अवघडला, आई आत गेली. मुलगा मात्र बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "काका, तुम्हांला तरी पंप घेता येतो का?" आम्हांला येत नव्हता. त्याने कपाटातून पंप आणला, बाटली आणली, आणि दाखविले. आज तो चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पंप शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या संघटनेच्या कार्यालयात कामगारांची वीस-बावीस मुले जमवून त्याने त्यांना बाटलीला भोक कसे पाडावयाचे ते शिकविले. आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकत होतो.